सेक्रेटरी काकांच्या कॉम्प्युटरवर चालेल असा बिल्ड

कोपरखैरण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आम्ही तिघांनी सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांसाठी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिलंय. वापरणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर छोटा वेब सर्व्हर सुरू होतो आणि सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं. सोर्स खुला आहे, पण सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि खजिनदारांना कंपाइल करायला सांगणं शक्य नाही. म्हणून विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी अधिकृत तयार बिल्ड, म्हणजे कोडमधून बनवलेल्या थेट चालवता येतील अशा फाइली, द्यायचे आहेत. विंडोजवर ‘ही फाइल ओळखीची नाही’ असं सांगणारी निळी खिडकी येऊन घाबरवते, मॅक म्हणतो फाइल खराब आहे. फाइलवर आमची डिजिटल सही करायचं सर्टिफिकेट विकत घ्यावं का? शिवाय कुणीतरी आमच्या कोडचा जुन्या कॉम्प्युटरांसाठीचा ३२-बिट बिल्ड काढून स्वतःच्या साइटवर ठेवलाय, ते थांबवता येतं का?

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, महापेला नोकरी करते. गेली सतरा-अठरा वर्षं रिलीज काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि दोन ओपन सोर्स प्रकल्पांचे बिल्ड हौसेने काढते ते वेगळं. खाली लिहिलेलं बरंचसं हात पोळून कळलेलं आहे.

तुम्ही प्रश्न सर्टिफिकेटचा म्हणून मांडलाय. मला तो तिसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न हा की ‘अधिकृत’ म्हणताना तुम्ही नेमकं काय कबूल करताय. सोर्स देणं म्हणजे कृती लिहून देणं. बिल्ड देणं म्हणजे डबा भरून देणं. डबा दिला की त्यातलं मीठ, तेल, सगळं तुमच्या नावावर. आणि पुढच्या महिन्यातही डबा येणार हे घेणारा गृहीतच धरतो.

म्हणूनच भलेभले यातून अंग काढून घेतात. अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार त्यांचा रिलीज म्हणजे सोर्स. तयार बायनरी, म्हणजे बिल्ड, ही नुसती सोय. त्यांचा एवढा नावाजलेला वेब सर्व्हर विंडोजवर हवा असेल तर प्रकल्प स्वतः बिल्ड देत नाही, अपाची लाउंजसारख्या बाहेरच्या मंडळींकडे बोट दाखवतो. क्रोम ब्राउझर ज्यावर बेतलाय त्या क्रोमियमचे रोजचे चाचणीचे बिल्ड (स्नॅपशॉट) मिळतात, पण घरी वापरायला म्हणून स्थिर बिल्ड प्रकल्पाकडून मिळत नाही. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर विंडोजसाठी बिल्ड देतो खरं, पण स्वतःच त्याला बीटा, म्हणजे अजून चाचणीतला, म्हणतो. तेव्हा तिघांच्या टीमने तिन्ही प्लॅटफॉर्म एका दमात अंगावर घेतले नाहीत तर त्यात कमीपणा काही नाही.

कुठून सुरुवात करायची हे दोन-तीन गोष्टींवर ठरेल, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत आहे? गो असेल तर एकच फाइल निघते आणि निम्मी डोकेदुखी जाते. पायथन असेल तर इंटरप्रीटरसकट सगळं बांधून द्यावं लागतं. तुमच्यापैकी कुणाकडे मॅक आहे का? नसेल तर मॅकचा बिल्ड आत्ता विसरा. ज्या मशिनवर आपण स्वतः चालवून बघू शकत नाही तिथला बिल्ड ‘अधिकृत’ म्हणून देणं मला पटत नाही. आणि वापरणाऱ्यांकडचं विंडोज कोणतं? ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या ऑफिसांत मी अजून विंडोज ७ बघते. आमच्याकडेही होतं, गेल्या पावसाळ्यात तो कॉम्प्युटर एकदाचा बंद पडला. गोची १.२० ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, पायथनची ३.८. त्या पुढच्या आवृत्तीत बिल्ड काढलात तर या लोकांना तुम्ही वगळलंत. वगळायला हरकत नाही, त्या विंडोजला सुरक्षा अपडेटही येत नाहीत. पण डाउनलोडच्या बटणाशेजारी तसं लिहा.

आता दुसरा प्रश्न, बिल्ड कुठे काढायचा. स्वतःच्या लॅपटॉपवर नको. माझा पहिला रिलीज मी शनिवारी दुपारी घरी बसून काढला होता. माझ्याकडे झकास चालला. सोमवारी मेलचा ढीग: ‘व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही’. माझ्या लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओ असल्यामुळे ती फाइल आधीपासून होती, लोकांकडे नव्हती. त्याच रिलीजमध्ये एका एरर मेसेजमधून माझ्या होम फोल्डरचा आख्खा पत्ता जगाला दिसत होता, तो भाग वेगळाच.

कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर असेल तर त्यांच्याच ॲक्शन्स या आपोआप बिल्ड काढायच्या सोयीत विंडोज, मॅक आणि उबुंटूची मशिनं मिळतात, आणि सार्वजनिक रिपॉझिटरीला, म्हणजे सगळ्यांना खुल्या कोडच्या साठ्याला, नेहमीच्या मशिनांचे पैसे लागत नाहीत. टॅग, म्हणजे कोडवर आवृत्तीची खूण, टाकला की बिल्ड निघाला पाहिजे, मध्ये माणसाचा हात नको. यामागे आळस नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघडकीला आलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये, म्हणजे एकत्र बांधून दिलेल्या गठ्ठ्यामध्ये, एक बिल्ड-स्क्रिप्ट होती, ती गिटमधल्या सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच. परक्याला आत शिरू देणारं मागचं दार तिथून उघडत होतं. कोड वाचणारे गिट वाचत होते आणि घात झाला तो टारबॉलमध्ये. टॅग आणि डाउनलोड यांच्यामध्ये जेवढी हाताने केलेली कामं, तेवढ्या अशा जागा. कुणीही त्याच सोर्समधून बाइट न् बाइट तोच बिल्ड काढून पडताळू शकेल, इथवर जायला डेबियन या लिनक्सवाले २०१३ पासून झटतायत. ते तुमचं आजचं काम नाही, पण बिल्डमध्ये आजची तारीख-वेळ चिकटवू नका. पुढे कधी त्या वाटेने जायचं ठरवलंत तर ती आधी काढावी लागते.

बिल्ड निघाला की कोऱ्या मशिनवर तपासा. आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला नवा कॉम्प्युटर ही माझी प्रयोगशाळा आहे. तिथे डेव्हलपरचं काही नाही, ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही आणि विंडोजच्या यूजरचं नाव देवनागरीत ‘सचिव’ आहे. या एका नावाने माझे दोन बिल्ड पाडलेत, कारण फोल्डरच्या पत्त्यात फक्त रोमन अक्षरं येतील असं कुठल्यातरी लायब्ररीने धरलेलं असतं. इन्स्टॉलर ॲडमिन पासवर्ड न मागता त्या यूजरपुरता इन्स्टॉल होईल असा करा. इनो सेटअपमध्ये हे सहज होतं.

तुमच्यासारख्या वेब सॉफ्टवेअरला लागू असलेल्या आणखी दोन गोष्टी. एक, सर्व्हर १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच कॉम्प्युटरपुरता, लिसन करू दे, ०.०.०.० वर, म्हणजे अख्ख्या नेटवर्कसाठी, नको. नाहीतर पहिल्याच वेळी विंडोजची फायरवॉल परवानगी मागते, सेक्रेटरी काका न वाचता ‘अलाउ’ दाबतात, आणि ऑफिसच्या वायफायवर बसलेल्या कुणालाही थकबाकीदारांची यादी उघडता येते. दोन, डेटाबेस प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, यूजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवा. अपडेट करताना जुना प्रोग्राम फोल्डर पुसला जातो. त्याबरोबर तीन वर्षांच्या पावत्या गेल्या तर सर्वसाधारण सभेत कुणाचं नाव निघेल ते सांगायला नको.

आता तुमची निळी खिडकी. ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक खूण करून ठेवतं की ही इंटरनेटवरून आली. ती खूण पाहून विंडोजचा स्मार्टस्क्रीन हा पहारेकरी जागा होतो आणि या फाइलची किंवा तिच्यावर सही करणाऱ्याची काही पत आहे का ते बघतो. पत नसेल तर खिडकी. ही खूण विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. म्हणून तीच फाइल साध्या पेनड्राइव्हवरून नेली की मुकाट्याने चालते, आणि ‘डाउनलोड केलेली खराब, तू दिलेली चांगली’ असं काका मला गेली दोन वर्षं ऐकवतायत.

सही नसेल तर पत फाइलच्या हॅशला, म्हणजे तिच्यातून निघणाऱ्या बोटाच्या ठशासारख्या आकड्याला, चिकटते. म्हणजे प्रत्येक नव्या रिलीजला पुन्हा शून्यापासून सुरुवात. सही असेल तर पत सर्टिफिकेटबरोबर साठत जाते. सर्टिफिकेटचा खरा फायदा हाच. पण ते घेतलं की दुसऱ्या दिवसापासून खिडकी बंद, असं समजू नका. पूर्वी जास्त कडक ओळख-तपासणीच्या महागड्या ईव्ही सर्टिफिकेटने तसं व्हायचं, आता ती सवलत मायक्रोसॉफ्टने काढून घेतलीय. त्यामुळे ईव्हीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

शिवाय १ जून २०२३ पासून साध्या कोड-साइनिंग सर्टिफिकेटचीही प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, यूएसबी टोकनमध्ये नाहीतर क्लाउडमधल्या एचएसएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या यंत्रामध्ये. टोकन घेतलंत की आधी सांगितलेल्या आपोआप बिल्डला खीळ बसते, कारण गिटहबच्या मशिनला तुमच्या घरचं टोकन कुठून लावणार? माझं टोकन एका जुन्या डेस्कटॉपला लावलेलं आहे आणि तो घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर बसतो. एका जुलैत तातडीची सुरक्षा दुरुस्ती सोडायची होती. बिल्ड तयार होता, आणि मी घणसोली स्टेशनवर, रुळांवर पाणी, गाड्या बंद. टोकनचा पिन मलाच माहीत आणि तो त्या मशिनवर बसूनच टाकावा लागतो. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. त्यानंतर एका प्रकल्पाची सही मी क्लाउडवर हलवली. दुसऱ्याची अजून फळीवरच आहे, पण पिन आता दोघांना माहीत आहे.

तुमच्यासाठी मी यापैकी काहीच आत्ता सुचवणार नाही. साइनपाथ फाउंडेशन ओपन सोर्स प्रकल्पांना सही फुकट करून देतं. लायसन्स मान्यताप्राप्त असावं आणि बिल्ड सार्वजनिक सोर्समधून आपोआप निघालेला असावा, अशा त्यांच्या अटी आहेत, म्हणजे जे तुम्हाला तसंही करायचंय तेच. प्रकाशक म्हणून तुमचं नाही, त्यांचं नाव दिसतं, हे वापरणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. तिथे अर्ज करा, उत्तर येईपर्यंत सहीविना द्या आणि ‘मोअर इन्फो’ मग ‘रन एनीवे’ कुठे दाबायचं त्याचा फोटो मराठीत समजावून डाउनलोडच्या पानावर टाका.

सही कुठूनही करा, टाइमस्टँप विसरू नका. एका जुन्या नोकरीत आम्ही तो विसरलो होतो. दोन वर्षांनी सर्टिफिकेटची मुदत संपली आणि तोवरचे सगळे इन्स्टॉलर एका रात्रीत संशयित ठरले. टाइमस्टँप असता तर ‘सही केली तेव्हा सर्टिफिकेट चालू होतं’ हे विंडोजला कळलं असतं. एका शब्दाचा पर्याय होता तो कमांडमधला.

अँटिव्हायरसचा त्रास वेगळा. पायथनचं सगळं एका ईएक्सईत कोंबलं की ती चालताना टेम्प फोल्डरमध्ये स्वतःला उलगडते, आणि व्हायरसही नेमकं तेच करतात. फोल्डर आणि इन्स्टॉलर असं दिलंत तर हे बरंच कमी होतं. तरीही विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने पकडलंच तर मायक्रोसॉफ्टकडे फाइल पाठवून चूक दाखवायची सोय आहे.

मॅकचा ‘डॅमेज्ड’ हा शब्द फसवा आहे. फाइल खराब झालेली नसते, तिच्यावर धड सही नसते. इथे फुकटचा रस्ता नाही. ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रामचे वर्षाला ९९ डॉलर भरायचे, त्यांच्या सर्टिफिकेटने सही करायची, मग फाइल तपासणीसाठी (नोटरायझेशन) ॲपलकडे पाठवायची आणि मिळालेला शिक्का तिला जोडून द्यायचा. २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून हे करावंच लागतं. पूर्वी राइट-क्लिक करून ‘ओपन’ म्हटलं की निभायचं. २०२४ च्या सिकोयापासून तोही दरवाजा बंद झाला, आता सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. किती सोसायट्यांच्या ऑफिसात मॅक आहे ते मोजा आणि मग ठरवा. माझ्या अंदाजाने तुमचे ९९ डॉलर वाचतील.

लिनक्सचं लवकर आटपते. नव्या उबुंटूवर काढलेला बिल्ड जुन्या मशिनवर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची हवी ती आवृत्ती सापडत नाही म्हणून अडतो. उलट बाजूने अडत नाही. तेव्हा जितक्या जुन्या डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या प्रकाराच्या, कंटेनरमध्ये काढाल तितका दूरवर चालेल. जीलिबसी २.२८ असलेला अल्मालिनक्स ८ मला पुरतो. एक टारबॉल द्या आणि थांबा. डेब, आरपीएम, स्नॅप, फ्लॅटपॅक सगळं पहिल्याच दिवशी द्यायला गेलात तर पुढच्या दिवाळीला तुम्ही फक्त पॅकेजं बांधत असाल.

म्हणजे कामाचा क्रम माझ्या मते असा: टॅगवरून आपोआप बिल्ड, विंडोज ६४-बिटचा इन्स्टॉलर, कोऱ्या मशिनवर तपासणी, साइनपाथकडे अर्ज, मग लिनक्सचा टारबॉल, आणि मॅक कुणी खरंच मागितला तर.

हॅशबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण यादीत तो येणारच म्हणून लिहिते. एसएचए-२५६ हा हॅश डाउनलोडच्याच पानावर छापला तर अर्धवट डाउनलोड तेवढं पकडलं जातं. पान ज्याच्या हाती लागलं तो हॅशही बदलेल. २०१६ च्या मार्चमध्ये ट्रान्समिशन या टोरंट सॉफ्टवेअरच्या अधिकृत साइटवरूनच २.९० चा मॅक बिल्ड खंडणी मागणाऱ्या मालवेअरसकट वाटला गेला. त्यावर सही होती, चालणारी होती, फक्त ती ट्रान्समिशनवाल्यांची नव्हती. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका डाउनलोड सर्व्हरवर असंच घडलं. म्हणून फाइलवर सही कुणाच्या नावाची दिसली पाहिजे हे डाउनलोडच्या पानावर लिहा, आणि हॅश दुसऱ्या ठिकाणीही जाऊ द्या. विंगेट या विंडोजच्या इन्स्टॉल करायच्या सोयीच्या नोंद-फाइलमध्ये (मॅनिफेस्ट) तो आपसूक नोंदला जातो.

आणि डब्यातलं तेल-मीठ म्हणाले ते हे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं भगदाड उघड झालं तेव्हा लिनक्सवाल्यांनी डिस्ट्रोचं अपडेट घेतलं आणि मोकळे झाले. ज्यांनी ओपनएसएसएल आपल्या इन्स्टॉलरमध्ये बांधून दिलं होतं त्यांना प्रत्येकाला नवा बिल्ड काढावा लागला, तेही लोक वाट बघत असताना. तुम्ही काय काय बांधताय त्याची आवृत्त्यांसकट यादी आजच करून ठेवा. त्या प्रत्येकाची लायसन्सं इन्स्टॉलरमध्ये जायला हवीत, तेव्हाही हीच यादी लागेल. प्रोग्रामसोबत आख्खा क्रोमियम बांधून देणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या मोहात मात्र पडू नका. तो घेतलात की क्रोमियमच्या सुरक्षा दुरुस्त्यांमागे कायम धावावं लागतं. आत्ता ते काम काकांचा ब्राउझर स्वतःच करतोय.

शेवटी तो ३२-बिटवाला. बिल्ड काढून वाटायची परवानगी लायसन्सने तुम्हीच दिलीय, ती परत घेता येत नाही. लायसन्स जीपीएल असेल तर त्या बिल्डचा सोर्स मागण्याचा हक्क घेणाऱ्यांना आहे, एवढंच. नाव मात्र वेगळी गोष्ट. फायरफॉक्स हे नाव आपल्या बदललेल्या बिल्डला लावण्यावरून मोझिलाशी बिनसलं तेव्हा डेबियनने २००६ मध्ये त्याचं नाव आइसवीझल केलं आणि २०१६ पर्यंत तेच चाललं. कोड तोच, नाव नाही. सिस्कोच्या ओपनएच२६४ या व्हिडिओ लायब्ररीचं याहून मजेशीर आहे. सोर्स बीएसडी लायसन्सखाली सगळ्यांना खुला, पण पेटंटची फी सिस्को भरते ती फक्त त्यांनी काढलेल्या आणि त्यांच्याकडूनच उतरवलेल्या बायनरीपुरती. त्याच कोडचा बिल्ड तुम्ही काढलात तर ते कवच तुम्हाला नाही. तेव्हा ‘अधिकृत बिल्ड फक्त या पत्त्यावर’ अशी एक ओळ रीडमी या प्रकल्पाच्या माहितीपानाच्या डोक्यावर लिहा आणि त्या साइटवाल्याला नावापुढे ‘अनधिकृत’ लावायची विनंती करा.

मी तुमच्या जागी असते तर त्या मेलमध्ये धमकी नसती, चौकशी असती. कोणत्या कंपायलरने काढलास, विंडोज ७ वर चालवून पाहिलंस का, पाहिलंस तर काय अडलं. तुम्ही तिघांनी न केलेलं काम त्याने आपणहून केलंय. तयार असेल तर तोच बिल्ड तुमच्या आपोआप बिल्डच्या पाइपलाइनमधून काढायचं काम त्याच्याकडे द्या. आणि त्याच्याकडे विंडोज ७ चालणारा कॉम्प्युटर असेल तर मला एका रविवारपुरता उसना हवाय. न्यायला मीच येईन.